साहेबाची गोळी

आमच्या घरात देव्हाऱ्याखालच्या फडताळात एक पितळी डबी असे. तिच्यात हळकुंडे, चांदीचा एक झिजलेला रुपया आणि शिशाचा एक वेडावाकडा गोळा. लहानपणी त्याला हात लावायची आम्हांला बंदी होती. 'साहेबाची गोळी' एवढेच त्याचे नाव. मेळघाटच्या पायथ्याशी आमचे गाव. पणजोबा वाघाच्या हाक्यात हाकेवाले म्हणून गेले, तिथे ही गोळी त्यांच्या खांद्याखाली घुसली, गावातल्या न्हाव्याने वस्तऱ्याने ती काढली आणि पुढे जन्मभर त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर गेला नाही. साहेबाने दहा रुपये आणि एक कांबळे पाठवले, असे सांगत. ही हकिगत मी आत्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, की तीत शंका घेण्यासारखे काही असेल असे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत वाटले नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सरकारी कार्यालयात आरेखक म्हणून नोकरी केली. रेघ मारणे आणि माप घेणे एवढेच मला पद्धतशीर शिकवले गेले. बाकी मोडी लिपी असो वा शस्त्रांचा इतिहास, जे काही आले ते चुकत चुकत आले. दहा-बारा वर्षांपूर्वी पुण्यातील एका वयोवृद्ध संग्राहकांनी मला बोलावले. त्यांच्याकडे जुन्या काडतुसांचा रीतसर परवान्याचा संग्रह होता आणि त्याची मापासह रेखाटने त्यांना करून हवी होती. काडतुसांचे काम सरळ होते. पुंगळीच्या बुडावर शिक्का असतो. त्यावर 'कायनॉक', 'इली' अशी कारखान्याची नावे, बोअर आणि कधी आणखी काही खुणा असतात. वाचले की झाले. काम संपत आले तेव्हा त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पुढे ठेवला. त्यात नुसत्या गोळ्या होत्या, एकूण त्रेसष्ट. पुंगळी नाही, दारू नाही, शिक्का नाही, चिठ्ठी नाही. "यांना नावे द्या," ते म्हणाले.

इथे एक खुलासा करतो. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाही गोळी म्हणतो. या लेखात गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडून सावजाला लागणारा शिशाचा किंवा धातूने मढवलेला भाग. शिक्का पुंगळीवर असतो आणि पुंगळी बंदुकीपाशीच राहते. सावजापर्यंत जाते ती अनामिक गोळी. म्हणून तिची ओळख पटवायची तर तिच्या अंगावरच्या खुणा वाचाव्या लागतात.

पहिली खूण वजनाची. बंदुकीच्या जगात वजन 'ग्रेन'मध्ये सांगतात. एका ग्रॅममध्ये साधारण १५.४३ ग्रेन बसतात. माझ्याकडे तेव्हा प्रयोगशाळेचा काटा नव्हता, म्हणून मी ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याने पहिली गोळी काट्यावर ठेवली आणि सवयीने म्हणाला, "दोन तोळे आठ मासे." मी घरी येऊन हिशेब केला आणि चकित झालो. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळ्याचे वजन बरोबर १८० ग्रेन ठरवले होते. म्हणजे दोन तोळे आठ मासे हे नेमके ४८० ग्रेन. आपल्या सोन्याच्या मापात आणि साहेबाच्या गोळीच्या मापात मुळात एकच ग्रेन दडलेला आहे.

पण वजनाने उत्तर मिळाले नाही, उलट कोडे वाढले. डब्यातल्या नऊ गोळ्या ४८० ग्रेनच्या आसपास भरल्या आणि दिसायला त्या चार तऱ्हेच्या होत्या. १८६६ पासून वापरात आलेल्या स्नायडर बंदुकीची गोळी ४८० ग्रेन. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीची ४८० ग्रेन. जॉन रिग्बी यांनी १८९८ मध्ये आणलेल्या .४५० नायट्रो एक्स्प्रेस या मोठ्या शिकारी रायफलची ४८० ग्रेन. आणि हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या पेढीच्या .५००/४६५ ची, तीही ४८० ग्रेन. चाळीस वर्षांच्या अवधीतल्या चार वेगळ्या बंदुका आणि वजन एकच.

म्हणून दुसरी खूण, व्यासाची. इथे नवशिक्याची हमखास फसगत होते, माझीही झाली. बंदुकीचे नाव हे तिच्या गोळीचे माप नसते. .३०३ रायफलची गोळी मायक्रोमीटरने मोजा, ती ०.३११ इंच भरते. कारण ०.३०३ हे नळीत पीळ पाडण्यापूर्वीचे माप. पिळाच्या चऱ्या त्याहून खोल जातात आणि गोळीला त्या भरून काढाव्या लागतात. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी जी .२७५ रिग्बी रायफल भेट दिली, तिची गोळी ०.२८४ इंचाची. जर्मन लोक तिलाच सात मिलिमीटर म्हणतात. एकच गोळी आणि तीन आकडे. नाव हे नाव आहे, माप हे माप आहे, ही गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.

व्यास घेतल्यावर त्या नऊ गोळ्या भराभर वेगळ्या झाल्या. स्नायडरची सर्वांत जाड, ०.५७ इंचाहून थोडी अधिक. मार्टिनी-हेन्रीची ०.४५ च्या आसपास, लांबट आणि उघड्या शिशाची. .४५० नायट्रोची ०.४५८, पण तिच्यावर धातूचे कवच. आणि .४६५ ची ०.४६६ ते ०.४६८. ०.४५८ आणि ०.४६८ यांच्यात फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा. डोळ्यांना तो दिसत नाही. पण त्या पाव मिलिमीटरमागे हिंदुस्थानचा इतिहास आहे.

सैन्याची मार्टिनी-हेन्री .४५० ची. सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे आणि इतरत्रही चोरलेल्या किंवा विकत घेतलेल्या मार्टिनी बंदुका फिरत होत्या. शिकारीसाठी आलेला .४५० चा दारूगोळा त्या बंदुकांच्या कामी येईल, या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात खासगी व्यक्तींना .४५० बोअरची बंदी केली. लंडन-बर्मिंगहॅमच्या पेढ्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थानातले साहेब आणि संस्थानिक. त्यांना गमावणे परवडणारे नव्हते. मग बोअर थोडेसे वाढवून नवी काडतुसे पुढे आली. .४६५, .४७०, .४७५, .४७६ ही आकड्यांची रांग लागली ती यामुळे. वाघाला आणि गव्याला त्यांच्यातला फरक कळत नव्हता. फरक कायद्याचा होता. संग्राहकाला मात्र त्यातून मोठाच फायदा होतो. ०.४६८ इंचाची कवचवाली गोळी हाती आली, तर ती १९०७ च्या आधीची असू शकत नाही, हे एकही अक्षर न वाचता सांगता येते.

बंदुकीच्या बाबतीत सरकारच्या भीतीची ही पहिली वेळ नव्हती. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यायचे, हे धोरणच होते. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. रानाशेजारच्या गावात रानडुकरांपासून पीक राखायला एखाद्या घरी ठासणीची बंदूक परवान्यावर मिळे, ती नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि गोळी ठासून भरायची. नव्या तऱ्हेची रायफल फक्त साहेबाच्या किंवा राजाच्या खांद्यावर. हा तपशील पुढे लागणार आहे.

तिसरी खूण बांधणीची. कवचाच्या गोळीचे टोक आणि बूड दोन्ही पाहावे. टोक पूर्ण झाकलेले आणि बुडाशी शिसे दिसत असेल, तर कवचात शिसे मागून भरले आहे. तिला शिकारी 'सॉलिड' म्हणत. ती हत्ती-गव्याच्या जाड हाडांतून आरपार जाण्यासाठी. बूड बंद आणि टोकाशी शिसे उघडे असेल, तर ती 'सॉफ्ट नोज', म्हणजे अंगात शिरल्यावर फुलणारी. ती वाघ-बिबट्यासाठी. फुलणाऱ्या गोळीचे नाव जगभर गाजले ते कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यामुळे. तिथले अधिकारी कॅप्टन बर्टी-क्ले यांनी १८९६-९७ च्या सुमारास .३०३ च्या टोकाचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा झाला. माणसांसाठी निषिद्ध ठरलेली गोळी वाघासाठी चालूच राहिली. म्हणून उघड्या टोकाची गोळी दिसली की ती शिकारीची, असा अंदाज करायला हरकत नसते.

कवचाचा रंगही बोलतो. जुने कवच तांबे-निकेलचे, चंदेरी झाक असलेले. पुढचे तांबूस. काही परदेशी कारखाने पोलादी कवचावर निकेलचा मुलामा देत. ते डोळ्यांना फसवते, पण चुंबकाला फसवत नाही. दोन रुपयांच्या चुंबकाने माझ्या तीन चुका सुधारल्या.

चौथी खूण घनतेची, आणि ती मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिला लागते फक्त पाण्याचा पेला आणि दोरा. गोळी आधी हवेत तोलायची, मग दोऱ्याने पाण्यात लोंबती ठेवून तोलायची. जेवढे वजन घटले तेवढे तिचे आकारमान. शुद्ध शिशाची घनता ११.३४. मार्टिनी-हेन्रीच्या गोळीत बारा भाग शिसे आणि एक भाग कथील असे, म्हणून ती १०.९ च्या आसपास येते. बाजारातले मऊ शिसे आणि कारखान्यात कडक केलेले शिसे असे पाण्यात वेगळे होते. आर्किमिडीज शाळेत शिकलो होतो, उपयोग पन्नाशीत झाला.

चुका सांगितल्या नाहीत तर हा लेख खोटा होईल. डब्यातल्या एका जाड गोळीला बुडाशी खोल खळगा होता. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीच्या गोळीलाही तसा खळगा असतो, एवढे मी वाचले होते. मी 'एन्फील्ड, १८५७' अशी चिठ्ठी लावली आणि एका व्याख्यानात ती कौतुकाने दाखवलीही. पुढे भिंगाखाली पाहिले तर खळग्यात भाजलेल्या मातीचा गुल्ला चिकटलेला होता आणि अंगावर आडव्या चऱ्या होत्या. एन्फील्डची गोळी अंगाने गुळगुळीत आणि ५३० ग्रेनची, माझी ४८० ची. ती स्नायडर होती, म्हणजे सत्तावनानंतर किमान नऊ वर्षांनी जन्मलेली. वजन मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिले होते. पण 'सत्तावन' हा शब्द मोह पाडणारा आहे. आपल्याकडे वाड्या-गढ्यांत सापडलेली प्रत्येक गोळी सत्तावनची आणि प्रत्येक तलवार पानिपतची असते.

चार वर्षांत त्रेसष्टपैकी एकोणपन्नास गोळ्यांना नावे मिळाली. चौदांच्या चिठ्ठीवर मी फक्त वजन, व्यास आणि धातू लिहून नावाची जागा कोरी ठेवली. संग्राहक म्हणाले, "कोरी जागा हीच तुमची खरी कमाई." आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकलो. गोळ्या सागवानी खणात ठेवल्या तर लाकडातल्या आम्लाने शिशावर पांढरी पूड धरते. ती विषारी असते. ती घासू नये, हात साबणाने धुवावेत आणि गोळ्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवाव्यात. आणि जिवंत काडतूस कोणाच्या घरी सापडले, तर त्याला अभ्यासाच्या नावाखाली हात न लावता पोलिसांना कळवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यापुढे कुतूहल हे कारण चालत नाही.

या सगळ्यानंतर मला देव्हाऱ्याखालची डबी आठवली, असे म्हटले तर ते खरे नाही. ती पहिल्या दिवसापासून आठवत होती. मी टाळत होतो. शेवटी एका दिवाळीत गावी गेलो तेव्हा काटा, भिंग आणि पेला सोबत नेला.

वजन १९.६ ग्रॅम. एक तोळा आठ मासे, वर थोडेसे. पाण्यात १.७३ ग्रॅम घटले. घनता ११.३, म्हणजे मऊ, जवळजवळ शुद्ध शिसे. गोळीची एक बाजू हाडावर आपटून चपटी झालेली, त्यामुळे व्यास कॅलिपरने घेता येईना. पण आकारमान मिळाले की चपट्या गोळीचा मूळ व्यास गणिताने काढता येतो. तो आला ०.५९ इंच. न चपटलेला भाग अर्धगोल होता. बुडाचा खळगा नाही, आडवी चरी नाही, पिळाची रेघ नाही, कवचाचा कण नाही. मधोमध साच्याची शिवण होती, आणि साच्याचे दोन भाग केसभर सरकलेले. शिसे ओतल्यावर राहिलेले नाकाड सुरीने कापलेले, घासून सपाटही केलेले नाही.

तो हाका १९१५ ते १९२० च्या दरम्यानचा. त्या काळी वाघाच्या मागावर आलेल्या साहेबाच्या हातात पीळ असलेली रायफल असे आणि तिची गोळी लांबट आणि कवचाची. कोणी साधी १२ बोअरची बंदूक घेऊन गोल गोळी झाडलीच, तर ती सुमारे ३५ ग्रॅमची. बोअरचा हिशेब सोपा आहे. नळीच्या मापाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड झाले की ती १२ बोअर. आमच्या गोळ्या एका पौंडात तेवीस बसतील. चिंधीसाठी जागा सोडली तर नळी २० बोअरच्या आसपास. एवढी लहान गोळी घेऊन वाघासमोर बसणारा साहेब संभवत नाही. ही चुलीवर वितळवलेल्या शिशाची, घरच्या साच्यात ओतलेली, ठासणीच्या बंदुकीची गोळी आहे. हाक्याच्या कडेला, जनावर बाजूने फुटू नये म्हणून झाडांवर माणसे बसवत. गावातली परवान्याची बंदूकही तिथे असे. बार काढून आवाज करणे हे तिचे काम.

आत्या तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. ओसरीवर वाती वळत बसली होती. मी म्हटले, "आत्या, ही साहेबाच्या बंदुकीतली नाही."

तिने मान वर केली नाही. "मंग कोनाची?"

"ठासणीच्या बंदुकीतली आहे. गावातली."

बराच वेळ ती वाती वळत राहिली. मग म्हणाली, "गावात बंदूक एकाच घरी होती. मले ठाऊक हाये."

मला त्या घराचे नाव तिने सांगावे लागले नाही. त्या घरची मुलगी पुढे आमच्या घरात सून म्हणून आली, ती माझी आजी. त्या घरच्या विहिरीवर आम्ही पोहायला शिकलो. आत्याला हे कधीपासून माहीत होते, ते मी विचारले. ती म्हणाली, की तिच्या आजीला माहीत होते, आणि पणजोबांना तर होतेच. गोळी काढली तेव्हा बंदूकवाला उशाशी बसून रडत होता. त्याचा परवाना गेला असता, त्याला तुरुंग झाला असता, आणि डुकरांनी साऱ्या गावाचे पीक खाल्ले असते. साहेबाचा तंबू तिसऱ्या दिवशी हलला. गेलेल्या माणसाच्या नावावर गोळी घातली आणि दोन घरे एका गावात राहू शकली.

मी तिला विचारले, लिहू का? ती म्हणाली, "लिही. नाव नको लिहू कोनाचं."

म्हणून या लेखात गावाचे नाव नाही. आणि पुराव्याची शिस्त पाळायची तर तेच योग्यही आहे. गोळी बंदुकीची जात सांगते, नळीचे माप सांगते, शिसे कसले आणि साचा कसला ते सांगते. बंदूक कोणी धरली होती, हे ती सांगत नाही. ते आत्याने सांगितले, आणि आत्याची साक्ष आणि काट्याची साक्ष मी वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहिली आहे. त्या दोन जुळतात, एवढीच नोंद तिसऱ्या पानावर केली.

साहेबाला निर्दोष ठरवावे असे मात्र मला वाटत नाही. हाका त्याचा होता. दिवसाच्या दोन-चार आण्यांवर माणसांना हातात नुसती काठी आणि डबा देऊन वाघाच्या दिशेने चालवणारा तोच. कडेला अप्रशिक्षित माणूस ठासणीची बंदूक देऊन बसवला, तो त्याच्या सोयीसाठी. दहा रुपये आणि कांबळे त्याने खरेच पाठवले असतील, तर त्याचा हिशेब त्याच्या बाजूने तेवढ्यावर मिटला.

गोळी मी पुण्याच्या संग्रहाला दिली नाही. ती त्याच पितळी डबीत आहे. फक्त आता तिच्याभोवती कापसाऐवजी प्लास्टिकची पिशवी आहे आणि पिशवीत माझ्या अक्षरातली चिठ्ठी: 'गोल गोळी, मऊ शिसे, घरगुती साचा. वजन १९.६ ग्रॅम. मूळ व्यास सुमारे ०.५९ इंच. ठासणीची बंदूक. घरातले नाव: साहेबाची गोळी.'